तुज्झ ण आणे हिअअं : नाटकातल्या स्त्रीला कोणती भाषा मिळाली?

पाठभेद :

गेले चार महिने आम्ही पाच जणी दर रविवारी 'अभिज्ञानशाकुंतल' मूळ संहितेवरून वाचत आहोत. आमच्यापैकी कोणीही संस्कृतची अभ्यासक नाही. शाळेत शिकलेले संस्कृत, एक कोश आणि एक टीका एवढ्या भांडवलावर आम्ही हळूहळू पुढे सरकतो. तिसऱ्या अंकात एका जागी अडलो आणि त्या अडण्यातूनच हा धागा निघाला आहे.

प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. शकुंतला कमळाच्या पानावर नखाने प्रेमपत्र कोरते आणि सख्यांना वाचून दाखवते. छापील पुस्तकात ती गाथा 'तुज्झ ण आणे हिअअं' अशी सुरू होते आणि तिच्याखाली बारीक टाइपात संस्कृत छाया दिलेली असते, 'तव न जाने हृदयम्'. सवयीप्रमाणे आम्ही वरची ओळ सोडून छाया वाचू लागलो, तेव्हा आमच्यातली सर्वांत वडील मैत्रीण म्हणाली, "अगं, वरचीच ओळ वाचा ना. तुज्झ म्हणजे तुझं, आणि ण आणे म्हणजे आपल्या ज्ञानेश्वरीतलं नेणें. याला छाया कशाला हवी?"

तोवर चार महिने आम्ही शकुंतला, अनसूया, प्रियंवदा आणि गौतमी यांचे प्रत्येक वाक्य असेच ओलांडून खालच्या बारीक टाइपाकडे जात होतो. दुष्यंताचे, कण्वांचे, शार्ङ्गरवाचे शब्द आम्ही त्यांच्या तोंडून ऐकले आणि स्त्रियांचे मात्र नंतरच्या पंडितांनी करून दिलेल्या भाषांतरातून. याची जाणीव झाली तेव्हा काही वेळ कोणी बोलले नाही.

नियम भरताच्या नाट्यशास्त्रातला आहे. राजा, मंत्री, ऋषी यांनी संस्कृत बोलावे. नायिका आणि तिच्या सख्यांनी शौरसेनी प्राकृत बोलावे. नाटकांच्या प्रत्यक्ष प्रघातात स्त्रियांची पद्ये महाराष्ट्रीत येतात, म्हणजे आपल्या मराठीच्या पूर्वज भाषेत. एकाच घरात, एकाच शय्येवर नवरा एक भाषा बोलतो आणि बायको दुसरी, तरीही दोघांना एकमेकांचे सारे समजते. रंगभूमीने हा संकेत शतकानुशतके इतक्या सहजपणे पाळला की त्यात काही विशेष आहे असे कोणाला वाटेनासे झाले.

पाचवा अंक या दृष्टीने पुन्हा वाचला आणि तो मला पूर्वीसारखा दिसेना. अंकाच्या आरंभीच पडद्याआडून हंसपदिकेचे गाणे ऐकू येते. नव्या मधाला हपापलेल्या भुंग्या, आंब्याच्या मोहोराचे चुंबन घेऊन कमळात रमलास आणि त्याला विसरलास कसा, असे ती विचारते. ही राजाने एकदा जवळ केलेली आणि मग दूर सारलेली स्त्री आहे. राजा उद्गारतो, "अहो रागपरिवाहिणी गीतिः", काय ओथंबून वाहणारे गाणे आहे हे! टोमणा त्याला कळतो, आपल्याला चांगलेच बोलून घेतले असा निरोपही तो विदूषकाबरोबर धाडतो, आणि तिथे तो विषय संपतो. तक्रार गाण्यातून आली म्हणून तिला दाद मिळाली, दाद देऊन झाल्यावर उत्तर देण्याची गरज उरली नाही.

त्यानंतर शकुंतला दरबारात येते. बोटात अंगठी नाही हे लक्षात आल्यावर ती पुरावा म्हणून एक आठवण सांगते. दीर्घापांग नावाचे हरणाचे पाडस होते; कमळाच्या पानाच्या द्रोणातले पाणी ते तुमच्या हातून पिईना, तोच द्रोण मी हातात घेतला तेव्हा प्यायले, आणि तुम्ही हसून म्हणालात की तुम्ही दोघेही रानातले, तुमचा एकमेकांवरच विश्वास. इतकी लहान, इतकी खरी गोष्ट फक्त तिथे असलेल्या माणसालाच सांगता येईल. राजा म्हणतो की स्वार्थ साधणाऱ्या स्त्रिया असेच गोड खोटे बोलतात, आणि वर कोकिळेचा दाखला देऊन स्त्रियांच्या न शिकताच येणाऱ्या चतुराईवर एक घोटीव श्लोक म्हणतो. तो श्लोक सुभाषित म्हणून आजही पाठ केला जातो. तिचे उत्तर 'अणज्ज' या शब्दाने सुरू होते. अनार्या, तू आपल्या मनावरून इतरांना पाहतोस. धर्माचा अंगरखा घालून फिरणाऱ्या, गवताने झाकलेल्या विहिरीसारख्या तुझे अनुकरण दुसरे कोण करील? माझ्या वाचनात भर दरबारात राजाला इतके कठोर बोललेली दुसरी नायिका आलेली नाही. मात्र तिच्या बोलण्याने काहीही बदलत नाही. बदल होतो तो सहाव्या अंकात, माशाच्या पोटातून निघालेल्या अंगठीमुळे.

म्हणून अभिजात नाटकातल्या स्त्रीचे स्थान पाहायचे तर कवीने तिची स्तुती किती केली हे मोजण्यापेक्षा दोन प्रश्न विचारावेत असे मला वाटू लागले आहे. तिला कोणती भाषा दिली, आणि तिच्या शब्दाने पुढच्या घटनेत काही फरक पडला का? आपापल्या वाचनातून आणि पाहिलेल्या प्रयोगांतून आपण सर्वांनी यावर लिहावे, ही विनंती.

मात्रावृत्त :

धागा मनापासून आवडला, परंतु एका गृहीतकाविषयी सावध करावेसे वाटते. प्राकृत म्हणजे दुय्यम, असे समीकरण त्या काळाच्या काव्यव्यवहाराला लागू पडत नाही. विदूषक ब्राह्मण असूनही प्राकृतच बोलतो, मुले आणि सेवक प्राकृत बोलतात, आणि अंगठी सापडलेला कोळी तर मागधी बोलतो. म्हणजे ही विभागणी केवळ स्त्री आणि पुरुष अशी नाही. शिवाय संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीने महाराष्ट्री हीच सर्व प्राकृतांत श्रेष्ठ मानली, आणि सातवाहनकालीन परंपरेतल्या हालाच्या सप्तशतीतील गाथा अलंकारशास्त्रातल्या मोठमोठ्या ग्रंथांनी ध्वनीची, म्हणजे सूचित अर्थाची, उदाहरणे म्हणून घेतल्या. हा मान हलक्या समजल्या गेलेल्या भाषेला मिळत नसतो.

राजशेखराची 'कर्पूरमंजरी' या चर्चेत आलीच पाहिजे. ते सट्टक, म्हणजे नाटकाचाच एक प्रकार, संपूर्ण प्राकृतात आहे आणि त्यात राजाही प्राकृतच बोलतो. प्रस्तावनेत राजशेखर सांगतो की संस्कृत रचना कठोर असतात, प्राकृत रचना सुकुमार असते, आणि पुरुष व स्त्री यांच्यात जेवढे अंतर, तेवढेच या दोहोंत. त्याहून महत्त्वाचे हे की हा प्रयोग त्याची पत्नी अवंतिसुंदरी हिच्या इच्छेवरून होत आहे असे त्याने तिथेच नोंदवले आहे. एका स्त्रीच्या इच्छेखातर सगळी रंगभूमी, राजासह, तिच्या भाषेत बोलू लागली, हे उदाहरण आपल्या दुसऱ्या प्रश्नाच्या संदर्भात मोलाचे ठरावे.

पाठभेद :

मात्रावृत्त, आपले म्हणणे मी निम्मे मान्य करते. प्राकृत हलके नव्हते, हे खरेच. पण राजशेखराची जी उपमा आपण दिलीत तिच्यातच माझा प्रश्न दडलेला आहे. सुकुमार भाषेत प्रेम करता येते, रुसता येते, विरह गाता येतो. न्याय मागण्याची, शास्त्रार्थ करण्याची, निवाडा देण्याची वेळ आली की त्याच नाटकांत भाषा बदलते.

नाट्यशास्त्राने स्त्रियांना संस्कृत पूर्णपणे नाकारलेले नाही. राणी, गणिका, कलावती यांना प्रसंगी संस्कृत बोलण्याची मुभा आहे. मृच्छकटिकातली वसंतसेना मधूनच संस्कृताचा आश्रय घेते आणि संहितेत तशी रंगसूचना येते. मालविकाग्निमित्रात नृत्यस्पर्धेचा निवाडा करणारी पंडिता कौशिकी संस्कृत बोलते, मालतीमाधवातली कामंदकी संस्कृत बोलते, उत्तररामचरितातल्या आत्रेयी आणि अरुंधती संस्कृत बोलतात. आता या सगळ्यांना एका ओळीत उभे करून पाहा. एक परिव्राजिका म्हणजे संन्यासिनी, एक बौद्ध भिक्षुणी, एक वेदान्त शिकण्यासाठी वाल्मीकींचा आश्रम सोडून अगस्त्यांच्या आश्रमाकडे एकटी निघालेली तापसी, एक ऋषिपत्नी आणि एक गणिका. अरुंधती वगळता या सगळ्या संसाराच्या उंबरठ्याबाहेरच्या आहेत. जिचे लग्न व्हायचे आहे किंवा झाले आहे, जिच्यावर वंश अवलंबून आहे, त्या नायिकेला मात्र ही भाषा सहसा मिळत नाही. म्हणजे रेषा स्त्री आणि पुरुष यांच्यामध्ये आहे तशीच ती पत्नी आणि इतर स्त्रिया यांच्यामध्येही आहे. हे लक्षात आल्यापासून ही सगळी नाटके पुन्हा वाचावीत असे मला वाटते आहे.

विंगेतून :

मी नाटकात काम करतो, विद्वत्तेचा दावा करत नाही. आमचा गट सध्या भवभूतीच्या उत्तररामचरिताचा तिसरा अंक मराठीतून बसवत आहे, त्यामुळे हा धागा वाचताना मी जागचा हललो नाही.

त्या अंकात राम पंचवटीत परत आलेला आहे. सीता तिथेच आहे, पण भागीरथीच्या वरामुळे कोणाला दिसत नाही. तिच्याबरोबर फक्त तमसा नदी आहे. वनदेवता वासंती रामाला जाब विचारते. तूच माझे जीवित, तूच माझे दुसरे हृदय, अशा गोड बोलांनी त्या भोळीला रिझवून तिलाच तू, असे म्हणता म्हणता ती मध्येच थांबते. वाक्य पुरे करण्याची तिला गरज वाटत नाही. पुढे ती म्हणते, "अयि कठोर यशः किल ते प्रियम्", कठोरा, तुला कीर्तीच प्रिय ना, मग याहून घोर अपकीर्ती ती कोणती? हा सगळा जाब संस्कृतात आहे. आणि शेजारी उभी असलेली सीता, जिच्यासाठी हे भांडण चालले आहे ती, प्राकृतात म्हणते की सखी वासंती, तूच कठोर आहेस, आधीच विलाप करणाऱ्याला आणखी रडवतेस.

तालमीत सीतेचे काम करणाऱ्या मुलीने पहिल्याच दिवशी विचारले, "माझ्या बाजूने दुसरी बोलते आणि मी तिला गप्प करते, असं का?" मी तयारीचे उत्तर दिले की तिचे प्रेम मोठे आहे. ती म्हणाली, "प्रेम तर वासंतीचंही आहे." मला पुढे बोलता आले नाही. आज पाठभेद यांचे दोन प्रश्न वाचल्यावर वाटते की भवभूतीला हा अन्याय दिसत होता; तो बोलून दाखवायचाही होता; पण पत्नीच्या तोंडी तो घालणे त्याच्या रंगभूमीला शक्य नव्हते, म्हणून त्याने आरोप वनदेवतेला दिला आणि सीतेला तिथे ऐकायला उभे केले. सातव्या अंकातही तेच घडते. सीतेची निर्दोषता प्रजेपुढे मांडते ती अरुंधती, आणि प्रजा ते ऐकते. वाल्मीकींच्या कथेत पृथ्वीच्या पोटात गेलेली सीता भवभूतीने परत आणली आहे, एका स्त्रीच्या शब्दावर. तिसऱ्या अंकाला छाया अंक म्हणतात. सीतेची सावली आणि पुस्तकातली बारीक टाइपातली छाया, या दोन्ही अर्थांनी मला आता ते नाव ऐकू येते.

जुना पडदा :

चर्चा संस्कृतातून मराठी रंगभूमीकडे आणतो, कारण तिथे हेच कोडे उलटे होऊन समोर येते. प्राचीन रंगभूमीवर स्त्रीची भूमिका स्त्री करू शकत असे. नाट्यशास्त्रात तशी तरतूद आहे, आणि केरळच्या कुटियाट्टम या संस्कृत नाट्यपरंपरेत नंग्यार स्त्रिया आजही ती परंपरा चालवतात. तिथे देह स्त्रीचा होता, पण भाषा वेगळी दिलेली होती. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' मराठीत रंगभूमीवर आणले, तेव्हा भाषेची ही भिंत पडली. दुष्यंत आणि शकुंतला एका भाषेत बोलू आणि गाऊ लागले. पण आता शकुंतलेच्या लुगड्यात पुरुष होता.

1882 साली 'सौभद्र' आले. सुभद्रेचे 'वद जाऊ कुणाला शरण' हे पद कोणाला ठाऊक नाही? बलराम तिला दुर्योधनाला देऊ पाहतो, तिला अर्जुन हवा आहे, आणि ती शरण कोणाला जाऊ असे विचारते. तिच्या मनासारखे होते खरे, पण सगळी सूत्रे कृष्णाच्या हाती आहेत. त्याच 1882 साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' छापली. त्यांनी कोणाला शरण न जाता पुरुषांनाच उलट प्रश्न विचारले, आणि बायकांना कपटाचे भांडार ठरवणाऱ्या लेखकांनाही त्यात सोडले नाही. एकाच वर्षातल्या या दोन आवाजांपैकी पहिला आवाज पुरुषाने लिहून पुरुषाने गायला आणि घराघरांत पोचला. दुसरा दीर्घ काळ विस्मरणात पडून राहिला.

देवलांच्या 'शारदे'ला (1899) तर पाठभेद यांची कसोटी तंतोतंत लागू होते. पंचाहत्तरीच्या भुजंगनाथाशी लग्न ठरलेली शारदा रडते, विनवते, आईपाशी मन मोकळे करते, आणि देवलांनी तिला दिलेली भाषा इतकी घरगुती, इतकी खरी आहे की आजही अंगावर काटा येतो. तरीही लग्न थांबते ते वधूवर सगोत्र निघाल्यामुळे. शकुंतलेच्या वेळी अंगठी, शारदेच्या वेळी गोत्र. मी हे नाटक अनेकदा पाहिले आहे आणि ही गोष्ट मला आजवर खटकली नव्हती, याचे आता वाईट वाटते.

बालगंधर्वांविषयी मात्र मी सरळ निवाडा देऊ शकत नाही. 1911 ची भामिनी, 1916 ची रुक्मिणी, 1919 ची सिंधू, या भूमिकांतून एका पुरुषाने लुगडे कसे नेसावे, गजरा कसा माळावा हे घरंदाज स्त्रियांना शिकवले आणि स्त्रियांनी ते हौसेने उचलले. स्त्रीत्वाचा नमुना पुरुषाने घडवला, असे म्हणून ही गोष्ट संपत नाही. ज्या स्त्रियांना रंगमंचावर पाऊल ठेवणे म्हणजे अब्रू गमावणे होते, त्यांना आपल्या जगण्यातली नजाकत कोणीतरी इतक्या आदराने पाहिली आहे, याचाही आनंद झाला असणार. त्याच काळात हिराबाई पेडणेकर नाटके लिहीत होत्या. 'जयद्रथ विडंबन' 1904 सालचे आणि 'दामिनी' 1912 सालचे. 1933 साली नाट्यमन्वंतर या संस्थेच्या 'आंधळ्यांची शाळा' मध्ये स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या, आणि त्या नाटकाचा विषय होता स्त्रीला एक आणि पुरुषाला दुसरा असा नीतीचा दुहेरी माप. ही जुळणी योगायोगाची आहे असे मला वाटत नाही.

कुतूहल :

'शारदा' नाटकाचा प्रभाव एवढा होता की पुढे बालविवाहाविरुद्धचा कायदाही त्याच नावाने झाला, असे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. मग निदान रंगभूमीबाहेर तरी शारदेच्या शब्दाने फरक पडला, असे म्हणता येईल ना?

जुना पडदा :

हा समज फार पसरलेला आहे, पण तो बरोबर नाही. 1929 चा बालविवाह प्रतिबंधक कायदा हरबिलास सारडा यांनी पुढाकार घेऊन मांडला आणि त्यांच्या आडनावावरून तो 'सारडा कायदा' म्हणून ओळखला गेला. त्याने मुलीचे वय 14 आणि मुलाचे 18 ठरवले. मराठी कानांना सारडा आणि शारदा जवळचे वाटले, इतकेच. नाटकाने लोकांची मने तीस वर्षे तयार केली, हे मात्र मी मान्य करीन.

दळणकांडण :

नाटकांची चर्चा चालली आहे, पण मूळ प्रश्न भाषेचा आहे म्हणून कवितेकडे वळते. नाटकातल्या नायिकेला पत्र लिहिण्यापुरती महाराष्ट्री मिळाली. त्याच भाषेच्या लेकींनी पुढे तिच्यात काय केले, हेही पाहायला हवे.

मराठीतली आद्य कवयित्री महदंबा. तेराव्या शतकात तिने धवळे, म्हणजे लग्नगीते, रचली, आणि त्यांचा विषय आहे रुक्मिणीचे स्वयंवर. रुक्मिणीही शकुंतलेसारखीच पत्र लिहिते. फरक एवढाच की तिचे पत्र द्वारकेला पोचते आणि ते वाचून कृष्ण निघतो. स्त्रीच्या शब्दाने घटना घडते अशी कथा आपल्या पहिल्या कवयित्रीला गावीशी वाटली, याकडे मी कधी या नजरेने पाहिले नव्हते.

जनाबाई तर कोणाच्या परवानगीची वाटच पाहत नाही. "डोईचा पदर आला खांद्यावरी, भरल्या बाजारी जाईन मी", असे ती म्हणते, आणि यात 'जाईन' हे क्रियापद आहे, जाऊ का असा प्रश्न नाही. सतराव्या शतकातली शिऊरची बहिणाबाई वेगळ्या वाटेने जाते. वेद हाका देतात, पुराणे गर्जतात की स्त्रीच्या संगतीने हित होत नाही. मग मी तर सहज स्त्रीचाच देह घेऊन आले, आता मला परमार्थ कसा मिळणार, असे ती विचारते. ही व्याकुळता आहेच, पण हा युक्तिवादही आहे. शास्त्राचे विधान घेऊन ते स्वतःच्या देहावर ठेवून पाहण्याचे काम तिने केले, आणि त्यासाठी तिला संस्कृत लागले नाही.

आणि जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जमवलेल्या ओव्यांची संख्या लाखाच्या वर जाते. माझी आजी दळताना गायची तेव्हा ती भावाला, बापाला, सीतेला, विठ्ठलाला एकाच आवाजात बोलत असे. सीतेचा वनवास तिच्या ओव्यांत असा येई, जणू शेजारच्या घरातली गोष्ट. तिथे ऐकायला जाते आणि समोर बसलेली दुसरी बाई. दरबार नव्हता, त्यामुळे कोणी खोटारडी म्हणणारेही नव्हते. पण या शब्दांनी त्या बायकांचे काय बदलले, असे कोणी विचारले तर मला उत्तर देता येत नाही. एवढे सांगते की पहाटे चार वाजता तो जड दगड ओढण्याचे बळ त्यांना त्यातून मिळत होते, आणि ते मी डोळ्यांनी पाहिले आहे.

सम्यक :

मी थोडा विरोधी सूर लावतो. कालिदासाला आजच्या मापाने मोजताना त्याने केलेले मोठे काम नजरेआड होऊ नये.

महाभारताच्या आदिपर्वातली शकुंतला अधिक ठाम आहे, हे सर्वजण सांगतात आणि ते खरेही आहे. ती विवाहाआधीच अट घालते की माझा मुलगा युवराज झाला पाहिजे. दरबारात ती पत्नी, पुत्र आणि सत्य यांवर दीर्घ भाषण करते, आणि राजाला सुनावते की दुसऱ्याचे मोहरीएवढे दोष तुला दिसतात, स्वतःचे बेलफळाएवढे दिसत नाहीत. तिथे शाप नाही, अंगठी नाही. महाभारतकार स्वच्छ लिहितो की राजाला आठवत असूनही तो म्हणाला, मला आठवत नाही. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणून राजाला या पापातून सोडवले आणि शकुंतलेचा युक्तिवाद आखूड केला, एवढे मलाही मान्य आहे.

पण महाभारतातल्या शकुंतलेला ते हरणाचे पाडस नाही. सासरी निघताना जिच्या पदराला ते पाडस मागून ओढते, जिला वनज्योत्स्ना वेलीचा निरोप घ्यावासा वाटतो, जिला सख्या आहेत, थट्टा आहे, संकोच आहे, अशी स्त्री कालिदासाने निर्माण केली. एका बाजूला हक्क आणि युक्तिवाद, दुसऱ्या बाजूला अंतरंग, अशी ही देवघेव झाली. काय गमावले ते मोजताना काय मिळाले तेही मोजावे. ग्रीकांचे उदाहरण घ्या. युरिपिडीसच्या ख्रिस्तपूर्व 431 मधल्या 'मीडिया' या शोकांतिकेची नायिका म्हणते की एकदा बाळंत होण्यापेक्षा ढाल घेऊन तीन वेळा रणात उभी राहीन. तिथे पुरुषाचीच भाषा स्त्रीला मिळाली आहे, आणि तिच्या शब्दाने व कृतीने सगळे नाटक हलते. पण त्या मुखवट्यामागे पुरुष नट होता, आणि त्या वर्षीच्या स्पर्धेत युरिपिडीसला शेवटचे स्थान मिळाले.

पाठभेद :

सम्यक, देवघेव हा शब्द फार योग्य वापरलात. माझ्या पहिल्या लेखात पाडसाची आठवण मी पुरावा म्हणून पाहिली. ते अंतरंगही आहे, हे माझ्या ध्यानात यायला हवे होते. कदाचित त्या प्रसंगाची वेदना तिथेच आहे. तिच्यापाशी जे सर्वांत आतले होते तेच तिला साक्षीच्या पिंजऱ्यात आणावे लागले, आणि राजाने त्याला गोड खोटेपणा म्हटले. महाभारतातली शकुंतला सत्याचे तत्त्व मांडते, त्यामुळे तिचा अपमान झाला तरी तिचे खासगी काही हिरावले जात नाही.

विंगेतून, आपणांस एक विचारायचे आहे. मराठी प्रयोगात आपण सीतेला आणि वासंतीला एकच भाषा देणार आहात का? सगळेच प्रमाण मराठीत बोलू लागले तर भवभूतीने केलेला भेद प्रेक्षकाला कळणारच नाही.

विंगेतून :

याच प्रश्नावर आमचे दीड महिना चालले आहे. प्रथम आम्ही वासंतीला संस्कृतप्रचुर मराठी आणि सीतेला बोली दिली. वाचनाला दहा-बारा ओळखीचे लोक बोलावले होते. सीतेच्या पहिल्याच वाक्याला तिघे हसले. वाक्यात हसण्यासारखे काही नव्हते. बोली कानावर आली की विनोद येणार, एवढी सवय आपल्या प्रेक्षकाला आपण नाटकवाल्यांनीच लावून ठेवली आहे. सीतेचे काम करणारी मुलगी त्या दिवशी फार दुखावली, कारण ती बोली तिच्या घरची होती.

नंतर आम्ही सीतेला जुन्या ओवीच्या वळणाचे मराठी देऊन पाहिले. ते गोड वाटले, पण पोथीतले वाटले. ती जिवंत बाई राहीना. आता तिसरा प्रयोग चालू आहे. राम आणि वासंती मराठीत बोलतात. सीता तमसेशी बोलते तेव्हा ती त्या मुलीच्या घरच्या बोलीतच बोलते, पण हळू, जवळ उभे राहून, प्रेक्षकांकडे न पाहता, त्यामुळे ऐकायचे तर प्रेक्षकालाच पुढे झुकावे लागते. आणि मूर्च्छित रामाला अदृश्य हाताने स्पर्श करण्याआधीची दोन वाक्ये आम्ही मूळ प्राकृतातच ठेवली आहेत, भाषांतर न करता. मागच्या आठवड्याच्या वाचनाला कोणी हसले नाही. एका बाईंनी नंतर विचारले की ती शेवटची दोन वाक्ये कोणत्या जिल्ह्यातली आहेत.

पाठभेद :

आपल्या प्रयोगाची तारीख ठरली की इथे अवश्य कळवा, आम्ही पाचही जणी येऊ.

काल रविवार होता. आम्ही सहाव्या अंकाऐवजी पुन्हा पहिल्या अंकापासून सुरुवात केली. जुन्या निमंत्रणपत्रिकांच्या जाड कागदाच्या पट्ट्या कापून आणल्या होत्या. प्रत्येकीने आपापल्या पुस्तकात छायेच्या ओळींवर पट्टी ठेवायची आणि अडल्याशिवाय ती उचलायची नाही, असे ठरले. अनसूया आणि प्रियंवदा झाडांना पाणी घालत असताना जे बोलतात, ती दोन पाने वाचायला आम्हाला दीड तास लागला. पट्टी अकरा वेळा उचलावी लागली.